दीड मीटरच्या वर

मुंबईच्या १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीत माळ्याची व्याख्या दिलेली आहे. दोन मजल्यांच्या मधली किंवा उतरत्या छपराखाली उरलेली, सामान ठेवायची जागा. मोकळी उंची जास्तीत जास्त दीड मीटर. दीड मीटर म्हणजे पाच फुटांना जरासं कमी. एवढ्या उंचीत पेटारे राहतात, गाद्या राहतात, माणूस राहत नाही. आणि नियमाचं म्हणणं, त्यानं राहूही नये. छप्पर थोडं वर उचललं, माणूस ताठ उभा राहील एवढं, की तीच जागा खोली होते. मग ती क्षेत्रफळात मोजली जाते, तिच्यावर कर बसतो, तिला भाडं येतं, वारस येतात आणि यथावकाश भांडणंही येतात. सामानाची जागा आणि माणसाची जागा यांच्यामध्ये कायद्यानं ओढलेली ही रेघ मला फार बोलकी वाटते.

रेघ ओलांडून वर राहायला घरातलं कोण जातं, ते बघावं. वडीलधारे कधीच जात नाहीत. त्यांच्या खोल्या खाली, देवघराजवळ, मोरीजवळ ठरलेल्या असतात. वर जातो तो घरात सगळ्यांत शेवटी आलेला: शिकायला ठेवलेला भाचा, नवं लग्न झालेलं जोडपं, भाडेकरू. बँकेतल्या बदलीनं मी चंदीगडला गेले तेव्हा सेक्टर २२मधल्या एका घराच्या गच्चीवरची खोली मला मिळाली, ती याच न्यायानं. तिकडे त्या खोलीला बरसाती म्हणतात. खाली घरमालकांच्या तीन पिढ्या, वर पाण्याची टाकी, वाळत घातलेल्या मिरच्या आणि मी.

छपराखालच्या जागेची माझी पहिली ओळख मात्र राजापूरकडच्या आजोळची. कौलारू घर, माजघराच्या वर लाकडी पाट्यांचा माळा, आणि वर जायला उचलून ठेवता येणारी शिडी. माळ्यावर नारळ, कोकमं, बियाणासाठी राखलेले भोपळे, कार्यातली मोठी पातेली, गणपतीचं मखर आणि मोडका पाळणा. आढ्याच्या बरोबर खाली तेवढं उभं राहता यायचं. दोन पावलं बाजूला सरकलं की वासे डोक्याला लागत. उजेड यायचा तो कौलांमध्ये बसवलेल्या एका काचेच्या कौलातून, आणि तो उन्हाचा तुकडा दिवसभर माळाभर फिरत असे. धाकट्या मामानं मॅट्रिकचा अभ्यास त्या माळ्यावर केला. उजेड सरकेल तशी तो पुस्तक आणि चटई घेऊन मागोमाग सरकायचा, असं आजी सांगे. घरात इतर जागा नव्हती असं नाही. पण त्या जागा आधीच कोणाच्या ना कोणाच्या झालेल्या होत्या.

त्या छपरातून एखादी खिडकी वर काढावी असं तिथे कोणाला सुचलं नसेल का? सुचलं असेलही. पण कोकणातला पाऊस ती मुभा देत नाही. उतरत्या छपराच्या पाख्यातून उभी खिडकी वर काढायची, म्हणजे ज्याला डॉर्मर म्हणतात ते करायचं, तर आधी मधले दोन-तीन वासे कापावे लागतात. कापलेली टोकं आडव्या तुळईवर बसवायची, शेजारच्या वाशांवर आता जास्तीचा भार आला म्हणून ते जोडीनं घालायचे, दोन्ही अंगांना त्रिकोणी भिंती उभ्या करायच्या, वर छोटंसं स्वतंत्र छप्पर चढवायचं. इतकं सुतारकामानं साधतं. खरी परीक्षा पुढेच. नवं छप्पर जुन्या पाख्याला जिथे भेटतं तिथे दोन खोलगट पन्हळी तयार होतात, आणि साऱ्या छपराचं पाणी त्यांच्याकडे धावतं. तिथे शिशाचा, जस्ताचा नाहीतर तांब्याचा पत्रा नीट दुमडून बसवला नाही तर घर गळतं. चार महिने आडवा-तिडवा पाऊस झोडपणाऱ्या मुलखात असा सांधा मुद्दाम तयार करणं म्हणजे दरवर्षी दुरुस्तीला आमंत्रण. म्हणून कोकणानं पाखी अखंड ठेवली, आणि उजेडाला एक काचेचं कौल किंवा टोकाच्या त्रिकोणी भिंतीतली लहानशी खिडकी दिली. माळा सामानाचा राहिला तो आळसानं नव्हे, पावसाच्या धाकानं.

मुंबईत तोच माळा पोटमाळा झाला आणि तिथे मात्र माणसं चढली. चाळीच्या खोलीची उंची दहा-बारा फूट. तिच्यात लाकडी पाट्यांचा एक अर्धा मजला घातला की गावाहून आलेले भाऊ, त्यांचे मित्र, गिरणीत पाळीनं जाणारे गावकरी यांची पथारीची सोय होई. वर बसता येई, झोपता येई, उभं राहता येत नसे. हजारो माणसांनी तारुण्यातली वर्षं कमरेत वाकून काढली. कागदावर ती जागा सामानाची होती, आणि एका परीनं कागद खरंच बोलत होता: शहर या माणसांना सामानासारखं रचून ठेवत होतं.

डॉर्मरचा जन्म हिमाच्या, रिपरिप पावसाच्या आणि उंच, तीव्र उताराच्या छपरांच्या देशांतला. सतराव्या शतकात फ्रांस्वा माँसार या वास्तुकारानं दुहेरी उताराचं छप्पर फ्रान्समध्ये इतकं रूढ केलं की त्याचं नावच त्याला चिकटलं. खालचा उतार जवळजवळ उभा, वरचा जवळजवळ आडवा. आणि उभ्या उतारात ओळीनं खिडक्या. छपराच्या पोटात एक अख्खा मजला मावू लागला. एकोणिसाव्या शतकात पॅरिसचे मोठे रस्ते रुंद झाले, त्यांच्या दोन्ही बाजूंना एकसारख्या उंचीच्या इमारती उठल्या, आणि त्यांच्या जस्ताच्या छपरांखाली मोलकरणींच्या खोल्या निघाल्या. त्यांचा जिना वेगळा, मागच्या बाजूचा. उन्हाळ्यात पत्रा तापे, हिवाळ्यात पाणी गोठे. पण बहुतेक खोल्यांना छपरातून डोकावणारी एक खिडकी होती, आणि तिच्यासमोर सरळ उभं राहता येत होतं. मुंबईच्या पोटमाळ्याच्या मानानं हा हक्क लहान नव्हता.

आपल्याकडे अशी छपरं पाहायची तर चंदीगडहून चार-पाच तासांवर शिमला आहे. इंग्रजांनी तिथे आपल्या देशातली घरं जशीच्या तशी आणून ठेवली. लाल-हिरव्या रंगाच्या पत्र्याची उतरती छपरं आणि त्यांतून बाहेर डोकावणाऱ्या खिडक्या. डोंगरउतारावर सपाट जागा मिळणं मुश्कील, बर्फामुळे छप्पर उतरतं ठेवणं भाग. मग छपराखालची पोकळी वाया का घालवा? आज त्या पोकळीवर न्यायालयांचे निकाल आहेत. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं नोव्हेंबर २०१७मध्ये शिमल्यातल्या नव्या बांधकामांना मर्यादा घातली ती ‘दोन मजले आणि माळा’ अशा शब्दांत. २०२३मध्ये हिमाचल सरकारनं माळा राहण्याजोगा व्हावा म्हणून त्याची उंची २.७० मीटरवरून ३.०५ मीटरपर्यंत वाढवायचं ठरवलं. आणि जानेवारी २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयानं न्यायाधिकरणाचे आदेश बाजूला सारून शिमल्याच्या विकास आराखड्याला वाट मोकळी करून दिली. एका डोंगरी शहराचं भवितव्य छपराखालच्या पस्तीस सेंटिमीटरांवर तोललं जातं, हे मला अजिबात हास्यास्पद वाटत नाही. पस्तीस सेंटिमीटरांत एक कुटुंब वाकण्याऐवजी उभं राहतं.

फाळणीनं लाहोर गेलं तेव्हा पूर्व पंजाबचं सरकार या शिमल्यात येऊन थांबलं होतं. नवी राजधानी उभी राहीपर्यंत पंजाबचे कारकून, हिशेबनीस, चपराशी डोंगरातल्या पत्र्यांच्या छपरांखाली दाटीवाटीनं राहिले. १९५३मध्ये कचेऱ्या चंदीगडला उतरल्या. त्या वर्षी ७ ऑक्टोबरला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी शहराचं उद्घाटन केलं. माझ्या घरमालकीणबाई, त्यांना सगळे बीजी म्हणत, त्यांचे सासरे याच लोंढ्यात आले. शिमल्यात ते एका माळ्यावर राहत. छपरातल्या खिडकीतून माकडं आत येत, आणि हिवाळ्यात बर्फानं खिडकी बुजली की खोलीत भरदिवसा दिवा लावावा लागे, हे सगळं बीजींनी सासऱ्यांच्या तोंडून ऐकलेलं. चंदीगडला पोचल्यावर सासऱ्यांनी नव्या घरांकडे पाहून पहिला प्रश्न काय केला असेल? बीजी हसत सांगत, “म्हणाले, यांना छप्परच नाही!”

कसं असणार? शहराची सूत्रं होती वास्तुकार ली कॉर्बूझिएकडे, आणि या गृहस्थानं उतरत्या छपराशी उभा दावा मांडलेला होता. १९२७ साली मांडलेल्या नव्या वास्तुकलेच्या पाच तत्त्वांपैकी एक होतं गच्चीवरची बाग: इमारत जेवढी जमीन खाते तेवढी तिनं डोक्यावर परत द्यावी. म्हणजे माळा गेला, त्याची अडगळ गेली, डॉर्मरचं तर कारणच गेलं. गंमत अशी की स्वतः कॉर्बूझिए १९३४पासून पॅरिसमध्ये राहिला तो आपणच उभारलेल्या इमारतीच्या अगदी वरच्या दोन मजल्यांवर. मोलकरणींची जागा त्यानं मालकाची केली, आणि उजेड, वारा, आकाश हे वरच्या माणसाचं वैभव ठरवलं. ही उलथापालथ मला त्याच्या काँक्रीटच्या सगळ्या महालांपेक्षा मोठी वाटते.

चंदीगडची राहती घरं मात्र त्याची नव्हेत. तो सचिवालय, उच्च न्यायालय, विधानसभा यांत गुंतला. घरं केली ती त्याचा चुलतभाऊ पियेर जाँनरे आणि इंग्लंडहून आलेलं दाम्पत्य मॅक्सवेल फ्राय व जेन ड्रू यांनी, आणि त्यांच्या हाताखाली शिकत मोठ्या झालेल्या भारतीय वास्तुकारांनी. सरकारी घरांचे तेरा प्रकार ठरले, मुख्यमंत्र्यांपासून चपराश्यापर्यंत. सेक्टर २२ सगळ्यांत आधी वस्ती झालेल्यांपैकी. तिथल्या घरांवर जेन ड्रूचा हात ठळक आहे. शेवटच्या प्रकारातल्या घरालाही दोन खोल्या, स्वयंपाकघर, न्हाणीघर, संडास आणि भिंतीआडचं अंगण. पोलाद, सिमेंट दुर्मीळ, वीट स्वस्त. म्हणून नऊ इंची विटांच्या भिंती, वर विटांच्या जाळ्या, खोल छज्जे. उन्हाळ्यात इकडची माणसं घरात झोपत नाहीत हे या परदेशी मंडळींनी नीट ध्यानात घेतलं होतं. अंगणाच्या भिंती आणि गच्चीचे कठडे असे केले की शेजाऱ्याला आत दिसू नये, पण वारा अडू नये.

सपाट गच्चीवर काय घातलं होतं ते कळलं तेव्हा मला वडिलांचं गाव आठवलं. स्लॅबवर डांबराचा थर, त्यावर भुसा कालवलेल्या मातीचा चार-पाच इंचांचा थर आणि वर विटांच्या पातळ लाद्या. याला इकडे ‘मड फुस्का’ म्हणतात. लातूरकडच्या आमच्या धाब्याच्या घरावरही माती होती. लाकडी पाट्यांवर पाला आणि वर दरवर्षी नवी पांढरी माती. उन्हाळ्यात सगळं गाव धाब्यावर झोपे. उजेडासाठी धाब्यात एक सानं असे, पाऊस आला की त्यावर परात पालथी घालायची. ऊन मुरवायला डोक्यावर माती घ्यावी, हे मराठवाड्याला आणि पंजाबला आपापलं सुचलेलं. कोकणानं पाणी झटकणारं छप्पर केलं, कोरड्या मुलखांनी ऊन पिणारं.

बरसाती या सपाट गच्चीवरची. जिना वर येतो तिथे त्याच्या डोक्यावर एक लहानशी टोपी बांधावीच लागते, नाहीतर पाऊस जिन्यानं घरात उतरेल. तिला ममटी म्हणतात. ममटीला लागून एक खोली घातली की उन्हाळ्यात गच्चीवर झोपणाऱ्यांना मध्यरात्री सर आली तर खाटा ओढायला आडोसा होतो. खाटांसाठी बांधलेली ही खोली पुढे विद्यार्थ्यांना, नव्या नोकरदारांना, एकट्या बायकांना भाड्यानं मिळू लागली. डॉर्मर छप्पर फोडून वर येतो, बरसाती छपरावर चढून बसते. कारण दोन्हींचं एकच. खालचं घर भरलेलं असतं आणि कोणीतरी आणखी आलेलं असतं.

सेक्टर २२ त्यासाठी फार सोयीचा. आंतरराज्य बसस्थानक समोर, सेक्टर १७मध्ये. आतल्या वळणदार रस्त्यावर खाली व्हरांड्यातली दुकानं आणि वर राहती घरं. किरण सिनेमा, शास्त्री मार्केट, कपड्यांचे ढीग, रस्त्याकडेला छोले-कुलचे. चंदीगडच्या बाकी सेक्टरांत संध्याकाळी झाडांचा आवाज येतो, बावीसमध्ये माणसांचा. नव्यानं शहरात आलेल्याला बसमधून उतरून पायी जाता येईल एवढ्या अंतरावर खोली मिळते ती इथे, आणि बहुधा गच्चीवर. बीजींच्या बरसातीत माझ्याआधी राहून गेलेल्यांच्या खुणा होत्या. दाराच्या चौकटीवर पेन्सिलीनं लिहिलेली रसायनशास्त्राची सूत्रं, खिडकीच्या सळीला बांधलेला मौलीचा धागा, भिंतीवर गुरुमुखीत दूधवाल्याचा हिशेब.

आणि ऊन. मे महिन्यात पारा चाळिसाच्या वर जातो, लू वाहते. बरसातीला तीन बाजूंनी भिंत उघडी आणि डोकंही उघडं. सावली द्यायला शेजारी खोली नाही, वर मजला नाही. विटेची भिंत दिवसा पोटात घेतलेली उष्णता तासन्‌तास धरून ठेवते आणि बरोबर झोपायच्या वेळी परत करते. रात्री दहाला भिंतीला हात लावावा तर ती तापातल्या माणसासारखी लागे. मी इतरांसारखी बाहेर मंजी, म्हणजे खाट, टाकून झोपायला शिकले. बीजी खालून पाण्याचा जग पाठवत आणि हाक मारून सांगत, “पुत्तर, छतावर आधी पाणी मार, मग मंजी टाक.” ओल्या लाद्यांचा वास, टाकीच्या भरतीचा आवाज, शेजारच्या गच्चीवर कोणाच्या तरी मोबाईलवर चाललेलं कीर्तन. वरच्या मजल्यावर राहणाऱ्याला शहर असं कळतं, आणि खालच्यांना ते कळत नाही, असा एक गर्व मला त्या दिवसांत होता.

मग बीजींच्या नातवाचं लग्न ठरलं. नवं जोडपं कुठे राहणार हा प्रश्न घरात पिंगा घालू लागला. एकाचं मत, बरसातीला लागून आणखी दोन खोल्या काढाव्यात. दुसऱ्याचं, घर पाडून बिल्डरला द्यावं, त्यानं नवे मजले चढवावेत, एक आपण ठेवावा आणि बाकीचे विकावेत. चंदीगडमध्ये हे वर्षानुवर्षं चाललेलं. एका कुटुंबासाठी दिलेल्या भूखंडावर मजले उभारायचे, ते हिश्श्याच्या नावाखाली वेगवेगळ्या कुटुंबांना विकायचे, आणि जाहिरातीत सगळ्यांत वरच्या मजल्याबरोबर ‘रूफ राइट्स’ द्यायचे. आकाशसुद्धा खरेदीखतात.

१० जानेवारी २०२३ला सर्वोच्च न्यायालयानं त्याला आळा घातला. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती भूषण गवई आपल्या अमरावतीचे, पुढे देशाचे सरन्यायाधीश झाले. सेक्टर १ ते ३० हा शहराचा पहिला टप्पा, मूळ आराखड्यात दीड लाख माणसांसाठी आखलेला. या टप्प्यातल्या एका कुटुंबाच्या घरांची फ्लॅटांमध्ये फोड करायला न्यायालयानं मनाई केली, मजल्यांची संख्या तीनवर थांबवली, आणि उंचीचा, दाटीचा विचार आधी वारसा समितीकडे सोपवला. बावीसमधल्या गच्च्यांवर तो निकाल महिनाभर गाजला. कोणी म्हणालं, शहर वाचलं. कोणी म्हणालं, मुलं शेजारच्या मोहालीला जाणार. दोघांचंही खरं होतं.

शहर आखणाऱ्यांनी इथे चपराश्यालाही अंगण आणि ताठ उभं राहायची उंची दिली. पोटमाळ्यांच्या देशात ही केवढी मोठी गोष्ट होती! पण आराखड्यात कुटुंबं मोजली गेली ती त्या दिवशी होती तेवढी. पुढच्या पिढ्या कुठे जातील, बसमधून उतरणारा कुठे राहील, घरकाम करणारी बाई कुठून येईल, याची जागा नकाशात नव्हती. २०११च्या जनगणनेत चंदीगडची लोकसंख्या साडेदहा लाखांवर गेली. एवढी माणसं कुठेतरी राहतातच: गच्चीवर, गॅरेजमध्ये, शहराच्या कडेच्या गावांत. शहर सुंदर राहावं म्हणून उंची गोठवली, तर नंतर येणाऱ्यांचा प्रश्न सुटत नाही. तो फक्त शहराच्या हद्दीबाहेर ढकलला जातो. तरीही मी त्या निकालाच्या विरोधात नाही, याचं कारण वजन.

बीजींनी बोलावलेल्या अभियंत्यानं जिन्यात उभं राहून हिशेब सांगितला. नऊ इंची विटेची, तीन मीटर उंच भिंत मीटरभर लांब बांधली तर तिचं वजन सव्वा टनाच्या वर जातं. दोन नव्या खोल्यांच्या भिंतीच वीस-पंचवीस टन. वर स्लॅब, मड फुस्का, टाकी वेगळी. सत्तर वर्षांपूर्वीच्या ज्या भिंतींवर हे सगळं बसणार, त्या तेवढ्यासाठी बांधलेल्याच नाहीत. त्यात हे शहर हिमालयाच्या पायथ्याशी, भूकंपाच्या पट्ट्यात. तो बोलत असताना मला किल्लारी दिसत होतं. ३० सप्टेंबर १९९३ची पहाट, गणेश विसर्जनानंतरची. भूकंपानं जितकी माणसं मारली त्याहून अधिक धाब्यांनी मारली, असं आमच्याकडे म्हणतात, आणि ते अवास्तव नाही. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर वर्षावर्षानं चढत गेलेले मातीचे थर. वाडवडिलांनी ऊन लागू नये म्हणून घातलेली माती झोपेतल्या लेकरांवर आली. छपरावर काय चढवायचं हा प्रश्न कधीच निव्वळ हौसेचा नसतो.

लाकडी छपरातला डॉर्मर याबाबतीत शहाणा असतो. तो मुळात हलका. छपराच्या आत आधीपासून असलेली पोकळी वापरतो, पायावर फारसा बोजा टाकत नाही. नवी जागा जोडत नाही, असलेल्या जागेला उंची आणि उजेड देतो. बीजींच्या घरी शेवटी त्याच जातीचं काम झालं, जरी तिथे पाखं नव्हतं आणि वासेही नव्हते. मंजूर नकाशातलं क्षेत्रफळ वापरून संपलेलं होतं, म्हणून नव्या खोल्या नाहीत, बिल्डर नाही. होती तीच बरसाती नीट करायची ठरली. गच्चीवरचा जुना, भिजून जड झालेला मातीचा थर काढला, त्याजागी हलका उष्णतारोधक थर घालून वर पांढऱ्या फुटक्या टाइल्सचा गिलावा केला. पूर्वी कोणीतरी विटा भरून बंद केलेलं रोशनदान, छताजवळचं, पुन्हा उघडलं, म्हणजे तापलेली हवा वरून निघून जाईल. आत दारावरची परछत्ती होती, जुन्या गाद्यांची. ती काढून टाकली आणि खोलीची पूर्ण उंची मोकळी झाली. पश्चिमेच्या भिंतीपुढे हातभर अंतर ठेवून बांबूची चिक लावली. खिडकी मागच्या अंगाची, तिची चौकट खालून वाढवली. मिस्त्री बिहारमधल्या दरभंग्याचा होता. तो स्वतः राहत होता शहराबाहेरच्या एका गावात, चौघांत एक खोली, ती कशी आहे असं विचारल्यावर म्हणाला, “छत नीची है, दीदी, पर रात को ही तो जाते हैं।”

त्याचं हे वाक्य नवी खिडकी बघताना मला सारखं ऐकू येत होतं. एका खोलीला उंची देणारा हात स्वतः बुटक्या छताखाली झोपत होता. पॅरिसची मोलकरीण, गिरणगावचा पोटमाळा, आणि चंदीगडच्या वेशीबाहेरचा हा मिस्त्री. दर पिढीत शेवटी आलेला कोणीतरी दीड मीटरच्या आसपास अडकलेला असतोच.

काम पूर्ण झालं तेव्हा खोली मी खाली करून दिली. नातवाचं लग्न तोंडावर होतं आणि त्या घराचा नियम मला मान्य होता: वरची जागा सगळ्यांत नव्या माणसाची, आणि आता सगळ्यांत नवी होती येणारी सून. तिला मिळाली ती खोली माझ्या वेळेपेक्षा किती तरी चांगली होती. बीजी म्हणाल्या, “तुझ्या वेळी केली असती तर तू गेलीच नसतीस.” मी हसले. भाडेकरूसाठी कोणी छप्पर बदलत नाही, सुनेसाठी बदलतात. यात तक्रार नाही. फक्त एवढंच की चांगल्या खोलीची किल्ली नेहमी नात्यातून फिरते, आणि नातं नसलेल्यांसाठी ती किल्ली कायद्यालाच घडवावी लागते.

म्हणून मला वाटतं, उंचीच्या नियमावर वाद घालताना मजल्यांची संख्या हा अर्धाच प्रश्न आहे. तीन मजले असोत की पाच. शहराला विचारावं ते हे, की तुमच्याकडे काल संध्याकाळच्या बसनं उतरलेल्या माणसाला आज रात्री ताठ उभं राहता येईल अशी, एक खिडकी असलेली, परवडणारी खोली मिळते का? हद्दीतल्या सरकारी जमिनीवर, बसस्थानकाजवळ, जुन्या कचेऱ्यांच्या रिकाम्या मजल्यांत ती देता येते. असलेल्या घरांची उंची नीट वापरूनही देता येते. चंदीगडनं एकेकाळी चपराश्यासाठी अंगण आखलं होतं. त्याच हातानं आता मिस्त्रीची खोली आखावी, आणि ती आखून होईपर्यंत आपलं शहर पूर्ण झालं असं कोणी म्हणू नये.